स्वस्त वेगळं, खोटं वेगळं



व्याख्यानाच्या टेबलावर चपला ठेवल्या म्हणून आधी माफी मागतो. खाली वर्तमानपत्र अंथरलंय. दोन जोड आहेत आणि लांबून दोन्ही सारखेच: तोच तांबूस रंग, तेच कान, तीच वेणी. उजवीकडचा अथणीत हाताने शिवलेला. डावीकडचा मी एका जत्रेत घेतला. त्याच्या तळावर ठळक छाप आहे, 'ओरिजिनल कोल्हापुरी'. पहिल्याच वळवात तळ उकलला आणि आतून भिजलेला पुठ्ठा बाहेर आला.

तंबाखू चिमटीत चोळून, वास घेऊन तिची पत सांगणारं हे निपाणी गाव. चप्पलही तशीच पारखायची. आधी ती उलटी करा. अस्सल जोडाच्या कडेला चामड्याचे थर मोजता येतात. शिवण चामड्याच्याच वादीची; टाके जरासे मागेपुढे, कारण आरी माणसाच्या हातात असते. पारंपरिक जोडात खिळा नसतो. मग नाकाशी धरा. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याला मातकट, उग्र वास येतो, रेक्झिनला रंगाचा. शेवटी पाण्याचा एक थेंब सोडा. असं चामडं तो हळूहळू पितं आणि तेवढ्या जागी गडद होतं. रेक्झिनवरून तो ओघळून जातो. अस्सल जोड पहिले काही दिवस चावतोसुद्धा. त्याला तेल पाजावं लागतं, मग तो पायाचा होतो.

पण या कसोट्यांनी फक्त चामडं कळतं, लबाडी कळत नाही. वर चामडं, खाली रबर आणि मशीनची शिवण अशी चप्पल बाजारात मिळते. पावसापाण्यात, मोटारसायकलवर, रोजच्या कामाला ती बरी पडते आणि खिशालाही परवडते. तिला नकली म्हणणं हा ती बनवणाऱ्यावर अन्याय आहे. ती स्वस्त आहे, एवढंच. खोटी ती तेव्हा ठरते, जेव्हा तिच्यावर दुसऱ्याचं नाव छापलं जातं.

आता नावाचंच बघू. कोगनोळीचा नाका ओलांडला की आपण महाराष्ट्रात. मग नाक्याच्या अलीकडे शिवलेली कोल्हापुरी अस्सल कशी, असं मला कोल्हापुरात एकाने विचारलं होतं. उत्तर सरकारदरबारी नोंदलेलं आहे. डिसेंबर 2018 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार तिकडचे. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार इकडचे. मानांकन लिडकॉम आणि लिडकर या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. आपल्या भागात नकाशावरच्या रेषेवरून किती वर्षं भांडण चाललंय, ते मी तुम्हाला सांगायला नको. चपलेने ते भांडण ऐकलेलं दिसत नाही. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा हा जोड कोल्हापुरीच. उलट कोल्हापुरातल्या दुकानात टांगलेला पुठ्ठ्याच्या तळाचा जोड, दुकानाचा पत्ता कितीही अस्सल असला तरी, कोल्हापुरी होत नाही.

नावाचा हाच नियम परदेशातही दिसतो. स्पेनमध्ये शॅम्पेनच्याच पद्धतीने, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून वाइन करतात. ती बहुधा शॅम्पेनपेक्षा स्वस्त पडते. पण बाटलीवर नाव असतं 'काव्हा'. स्वतःच्या नावाने विकली जाते, म्हणून तिला कुणी नक्कल म्हणत नाही.

आणि लबाडी स्वस्तातच असते असंही नाही. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या बड्या कंपनीने हुबेहूब आपल्या घाटाच्या चपला दाखवल्या. चामडं उत्तम असेल, पण कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. जत्रेतल्याने नसलेलं नाव लावलं, यांनी असलेलं गाळलं. इकडे ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं आणि डिसेंबरात याच दोन महामंडळांशी करार केला.

तेव्हा दुकानात गेल्यावर 'ओरिजिनल आहे का?' असं विचारू नका. त्याला 'हो' म्हणायला काही खर्च येत नाही. विचारा: वर काय आहे, खाली काय आहे, शिवण कशाची, केली कुठे? आणि त्याला म्हणा, जे सांगाल ते बिलावर लिहून द्या. सरळ उत्तर मिळालं तर किंमत कमी असो की जास्त, सौदा खरा. लिडकॉमने आता क्यूआर कोडही आणलाय. त्यातून कारागीर आणि जिल्हा कळतो. पण जोडावर कोड नसला, तर हे चार प्रश्न आहेतच.

तिसरा जोड टेबलावर नाही, तो मी दाराशी काढून आलोय. विकणारा म्हणाला होता, "काका, खाली रबर आहे, कोल्हापुरी म्हणून नेऊ नका." तेव्हापासून मी चपला त्याच्याकडेच घेतो. आता दाराशी तुमच्या-माझ्या चपलांचा ढीग झालाय. निघताना आपापली ओळखून घाला, म्हणजे व्याख्यान कितपत पोचलं ते मला कळेल.