‘वय झालं’ हे निदान नाही



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. तरी आज दम्यावर बोलतोय, कारण आपल्या पिंपळगावात म्हाताऱ्या माणसाला धाप लागली की घरचं निदान ठरलेलं असतं: ‘वय झालं.’

माझी खाला कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जायची. साठीनंतर तिला खोकला सुरू झाला. पहाटे छातीत घरघर, जिना चढताना दम. ‘लहानपणी नव्हता, मग आता कसला दमा?’ असं शेजारी म्हणायचे. पण दमा साठी-सत्तरीतही पहिल्यांदा होतो. हृदयविकारात किंवा विडी आणि चुलीच्या धुराने होणाऱ्या सीओपीडीतही अशीच धाप लागते, म्हणून तो लपून राहतो.

त्याची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. यंत्रात जोरात फुंकायचं, श्वासनलिका मोकळी करणारं औषध घ्यायचं, थोड्या वेळाने पुन्हा फुंकायचं. आकडा बराच सुधारला तर दम्याची शक्यता बळावते. खालाचा दमा असाच सापडला.

डॉक्टरकडे जाण्याआधी दोन आठवडे नोंद ठेवा. त्रास रात्री वाढतो का? खळ्यावरच्या धुळीत, द्राक्षबागेत गंधकाची धुरळणी चालू असताना वाढतो आणि सुटीत कमी होतो का? चालू औषधांची यादीही न्या. काही पेनकिलर, बीपीच्या काही गोळ्या, काचबिंदूचे काही थेंबसुद्धा दमा वाढवू शकतात. मात्र गोळ्या मनाने बंद करू नका.

‘पंपाची सवय लागते’ हे खरं नाही. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनलिकेची सूज कमी करतं. बरं वाटलं म्हणून तो सोडला की दमा उलटतो. पंप घेतल्यावर चूळ भरायची, एवढं पथ्य.

आता रमजान. पंपाने रोजा तुटतो का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. पण आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे, नंतर कजा करता येतो, हे सूरह बकराच्या आयत 185 मध्येच आहे. रोजचा पंप बऱ्याचदा दिवसातून दोनदा असतो. सहरी आणि इफ्तारची वेळ जमते का, हे डॉक्टरांना महिनाभर आधीच विचारा. आणि दिवसा दम कोंडला तर मगरिबची वाट पाहायची नाही. पंप लगेच, गरज पडली तर दवाखाना.

आज घरी गेल्यावर दादी-नानींना एवढंच विचारा: खोकल्याने रात्री झोपमोड होते का? ‘हो, पण आता वय झालं,’ असं उत्तर आलं, तर त्यांच्याबरोबर दवाखान्यात तुम्ही जा.