गाडीची खांदेमळणी



आज आपण गाडी चालवणाऱ्यांच्या सवयींविषयी बोलणार आहोत. गाडी म्हणजे मोटारसायकल आली, जीप आली, टेम्पो आला, ट्रॅक्टर आला. गावात आता बैलगाड्या थोड्या उरल्या आणि इंजिनाच्या गाड्या फार झाल्या.

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाची काही ना काही सवय असते. कोणी आत बसताना आधी उजवा पाय टाकतो. कोणी स्टिअरिंगला हात लावून तो छातीला लावतो. वडापवाला पहिल्या उतारूचे पैसे कपाळाला लावतो आणि मग खिशात ठेवतो. ती त्याची भवानी. कोणी शिंकले की एखादा गाडी बंद करतो, जरा थांबतो आणि पुन्हा किल्ली फिरवतो. 'कुठं निघालास?' असे विचारलेले कित्येकांना चालत नाही. कोणी गाडीचा नंबर असा मागून घेतो, की आकड्यांची बेरीज नऊ यावी. त्यासाठी तो जादा पैसे भरतो. मात्र हेल्मेट घ्यायचे म्हटले, की त्याला ते महाग वाटते.

ह्या सवयींची थट्टा करावी, असे आम्हांला वाटत नाही. माणूस घरातून निघतो तेव्हा त्याच्या मनात धाकधूक असते. पुढून कोण कसा येईल, हे त्याच्या हातात नसते. घरी बायको-मुले वाट पाहत असतात. म्हणून तो देवाचे नाव घेतो. त्यात वाईट काही नाही. पण आम्हांला एक प्रश्न पडतो. ह्यांतली कोणती सवय आपला जीव राखते, आणि कोणती नुसती मनाची समजूत घालते?

ह्याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्या बैलांकडे पाहा.

पोळा म्हणा, बेंदूर म्हणा, सणाच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. गरम पाण्याने बैलाचा खांदा शेकतो. लोणी किंवा तूप आणि हळद लावून तो चोळतो. मग सणाच्या दिवशी बैलाला जुंपत नाही. त्याला ओवाळतो, पुरणपोळी खाऊ घालतो. आता नीट ध्यानात घ्या. खांदा चोळताना काय होते? जुवाने खांदा सुजला आहे का, कातडे सोलले आहे का, गाठ आली आहे का, हे सारे हाताला कळते. पूजा तर होतेच, पण बैलाची तपासणीही होते. आपल्या वाडवडिलांनी भक्ती आणि काळजी ही दोन्ही एकाच दावणीला बांधली होती.

पुढे मोटारी आल्या. १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर अशी पहिली एसटी धावली. मग गावोगाव रस्ते झाले. हळूहळू दारात ट्रॅक्टर आले, मोटारसायकली आल्या. बैलाची पूजा इंजिनाला मिळाली. नवी गाडी आली, की आपण तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढतो, हार घालतो, नारळ फोडतो, चाकांखाली लिंबे ठेवतो आणि पेढे वाटतो. दसऱ्याला तिला झेंडूच्या माळा घालतो. पूजा आली, पण खांदेमळणी मात्र मागेच राहिली.

शनिवारच्या लिंबू-मिरचीचेच घ्या. तारेत एक लिंबू, काही मिरच्या, बिब्बा आणि कोळसा ओवतात आणि गाडीच्या पुढे टांगतात. अवदसेला आंबट-तिखट आवडते, ती बाहेरच खाऊन परत फिरते, असे सांगतात. आमच्या ओळखीचा एक वडापवाला आहे. त्याची लिंबू-मिरची कधी चुकत नाही. एकदा आम्ही त्याच्या शेजारी बसलो होतो. तो ब्रेकवर दोन-तीनदा पाय मारी, तेव्हा कुठे जीप थांबे. आम्ही म्हटले, "अरे, ब्रेक दाखवून घे ना." तो म्हणाला, "गुरुजी, काळजी करू नका. लिंबू आजच बदललंय."

तो हसून बोलला. आम्हीही हसलो. पण बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. मागे बारा माणसे बसली होती. त्यांत दोन तान्ही मुले होती. लिंबू त्याने बदलले होते. ब्रेक मात्र तोच होता.

दुसरी गोष्ट सांगतो. ती सांगताना अजून जड वाटते. उसाच्या हंगामात रात्री ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याला जातात. असाच एक ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याच्या पुढे काळी बाहुली टांगलेली होती. ट्रॉलीच्या मागे मात्र दिवा नव्हता की चमकणारी लाल पट्टी नव्हती. अंधारात ऊसही काळा आणि ट्रॉलीही काळी. मागून एक तरुण मोटारसायकलवर आला. त्याला ट्रॉली दिसलीच नाही. आमच्याच शाळेत शिकलेला पोरगा. जागीच गेला. लोक म्हणाले, "त्याची वेळ आली होती." मंडळी, ती वेळ आणली कोणी? लाल पट्टी काही फार महाग नसते. पाच मिनिटांत चिकटते.

अशी घरे किती उजाडतात, ते सरकारच छापते. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. पाटीवर हिशेब करा. दिवसाला सुमारे ४६२ माणसे होतात. म्हणजे दर पाच दिवसांनी सुमारे तेवीसशे वस्तीचे एक अख्खे गाव! मेलेल्या दहांपैकी सात माणसे अति वेगाच्या अपघातांत गेली. हेल्मेट न घातलेली ५० हजारांहून अधिक माणसे मेली. ह्या यादीत वेग आहे, दारू आहे, मोबाइल आहे. मांजर आडवे गेल्याचा रकाना मात्र त्यात नाही.

मांजराचे नाव निघालेच, तर तेही पाहू. मांजर उंदरामागे जाते, नाहीतर आपल्या पिलांकडे जाते. तुम्ही कुठे चाललात, ह्याच्याशी त्याला देणेघेणे नाही. पण मांजर दिसले, की काही जण भर रस्त्यात करकचून ब्रेक दाबतात. दुसऱ्या कोणाची गाडी आधी पुढे जाऊ दे, म्हणून वाट पाहतात. अशा वेळी मागची गाडी येऊन आदळते. मग म्हणायचे, "बघा, मांजर आडवं गेलं म्हणून अपघात झाला!"

घाटातल्या देवाचेही असेच आहे. खंडाळ्याच्या बोरघाटात शिंग्रोबाचे ठाणे आहे. घाटातून मार्ग काढणाऱ्या इंग्रजांना ह्या धनगराने वाट दाखवली, अशी कथा सांगतात. वाट दाखवणाऱ्याची आठवण ठेवावी, हे चांगलेच आहे. पण चालत्या गाडीतून नाणे टाकणे आणि दोन्ही हात सोडून नमस्कार करणे हे बरे नव्हे. साधे गणित करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. तीन सेकंद तुमची नजर देवळाकडे गेली, तर गाडी ५० मीटर आंधळी धावली. म्हणजे शंभर हातांहून जास्त. नमस्कार करायचा तर गाडी कडेला सुरक्षित जागी थांबवा, खाली उतरा आणि मनापासून हात जोडा. नाहीतर नजर रस्त्यावर ठेवून मनातच नाव घ्या. देव तेवढे समजून घेतो.

काही जागा वाईट आहेत, असेही म्हणतात. तिथे कोणीतरी मेलेले असते. तिथे गाडी आपोआप खेचली जाते म्हणे. मग कोणी हॉर्न वाजवत जातो, कोणी नारळ ठेवतो. सरकारलाही अशा जागा ठाऊक आहेत. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा अपघातांत १० माणसे मेली, तर त्या जागेला 'ब्लॅक स्पॉट' म्हणतात. तिथे इंजिनिअर जाऊन पाहतात. वळण आंधळे आहे का, उतार जास्त आहे का, झाडीने पुढचे दिसत नाही का, हे तपासतात. भुताने गाडी खेचावी लागत नाही. उतारच ती खेचतो. आपल्या गावाजवळ अशी जागा असेल, तर ग्रामसभेत विषय मांडा. सार्वजनिक बांधकाम खात्याकडे अर्ज करा. आता तुम्हांला लिहिता येते. अर्जावर अंगठा नको, सही करा. आणि अर्जाचे उत्तर येईपर्यंत वळणावरच्या बाभळी तर परवानगी घेऊन आपणही तोडू शकतो.

आता एका चालीविषयी बोलतो. इतर चालींत नुसता वेळ जातो. ह्या चालीने माणूस दुखावते. गाडी निघताना विधवा बाई समोर आली, की काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात. कोणी तोंडावर बोलतो. कोणी गाडी मागे घेतो. आम्ही अशा बाया पाहिल्या आहेत, की त्या सकाळी पाण्याला निघतात आणि जीप दिसली, की भिंतीआड उभ्या राहतात. गाडी गेल्यावर मगच रस्ता ओलांडतात. नवरा गेला, हे दुःख काय कमी असते? त्यावर हा डाग कशाला? त्यातली एखादी आपली बहीण असते, एखादी आपली आई असते. तिने शेत कसले, मुले शिकवली, आणि त्याच मुलांच्या गाडीपुढून तिने जायचे नाही?

अपघात झाला, की दोष तिच्यावर टाकायला सोपे जाते. चाक गुळगुळीत झाले होते, हे मग कोणी बोलत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, आणि नवरा गेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे ह्या चाली बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही हे उदाहरण घ्यायला सांगितले. गाडी चालवणाऱ्यांनी तर एवढेच करायचे आहे. बाई समोर आली, की गाडी हळू करा आणि तिला आधी जाऊ द्या. "या मावशी, चला तालुक्याला," असे म्हणा.

बाकीच्या सवयी तुमच्या तुम्ही ठरवा. ठेवायच्या असतील, तर आमचे एक सांगणे ऐका. प्रत्येक सवयीला एक काम जोडून द्या. चाकाखाली लिंबू ठेवायला वाकलात ना? मग तसेच टायरवर हात फिरवा. टायरच्या खाचांत बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आले, की ते बदलायलाच हवे. शनिवारी लिंबू-मिरची बांधलीत ना? मग त्याच वेळी ब्रेक दाबून पाहा. तो भुसभुशीत मातीसारखा खाली जात असेल, तर गाडी बाहेर काढू नका. ऑइल पाहा. पुढचा दिवा, मागचा दिवा आणि वळणाचे दिवे लावून पाहा. दिव्यांवरचा चिखल पुसा. उदबत्ती ओवाळताना आरसाही पुसा. ट्रॉली असेल, तर तिची पिन नीट बसली आहे का ते पाहा. मागे लाल पट्टी आणि दिवा आहे का ते पाहा. मोटारसायकल असेल, तर साखळी पाहा. आणि देवाचे नाव घेताना हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळा. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हेल्मेट लागते. नुसते आरशाला अडकवलेले हेल्मेट आरशालाच राखते.

शिंक आली म्हणून थांबता ना? जरूर थांबा. त्या अर्ध्या मिनिटात मोबाइल खिशात ठेवा. रात्री झोप झाली आहे का, घोटभर घेतलेली तर नाही ना, हे स्वतःला विचारा. घेतली असेल, तर किल्ली घरात द्या. त्या दिवशी नारळाचे पोते फोडले, तरी उपयोग नाही.

ह्यालाच आम्ही गाडीची खांदेमळणी म्हणतो. बैल दुखले-खुपले तर मान टाकतो, चारा खात नाही, आपल्याकडे पाहतो. गाडीला तसे सांगता येत नाही. म्हणून तिच्याकडे आपणच पाहायला हवे. दर शनिवारी पाव तास पुरतो.

येत्या शनिवारी प्रत्येकाने आपापल्या गाडीपाशी एवढे करा. घरातल्या मुलाला वही घेऊन शेजारी उभे करा. त्याला लिहायला सांगा: टायर, ब्रेक, दिवे, ऑइल, आरसा, लाल पट्टी, हेल्मेट. पाहून झाले त्यापुढे खूण करा. राहिले असेल ते सोमवारी मिस्तरीकडे न्या. पुढच्या वर्गाला येताना ती वही घेऊन या. आपण सगळे मिळून ती वाचू.

रामराम.