क्वेबेकमधील कुलशोध व आडनावांची रीत



कुलवृत्तांताविषयी आस्था बाळगणाऱ्या या सभेपुढे आम्ही आज एका दूरदेशच्या समाजाचे उदाहरण ठेवू इच्छितो. इ. स. १६०८ मध्ये शांप्लेन याने कॅनडात क्वेबेक नगर वसविले. तेथील फ्रेंचभाषी समाज हा बहुतांशी त्यानंतरच्या दीडशे वर्षांत फ्रान्सहून येऊन स्थायिक झालेल्या काही सहस्र स्त्रीपुरुषांचा वंशविस्तार होय. १६६३ ते १६७३ या काळात राजाने स्वखर्चाने सुमारे आठशे विवाहयोग्य स्त्रिया तिकडे धाडल्या. त्यांना 'राजाच्या लेकी' असे म्हणतात, आणि आपल्या कुळात अशी एखादी पूर्वजा सापडली की लोक ते अभिमानाने सांगतात.

हा शोध शक्य होतो तो चर्चच्या दप्तरामुळे. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद गावोगाव होत असे. विवाहाच्या नोंदीत बहुधा वधूवरांच्या मातापित्यांची नावे असल्याने एका विवाहावरून मागील पिढीच्या विवाहापर्यंत पोहोचता येते. १६४० साली क्वेबेकच्या चर्चला आग लागून दप्तर भस्मसात झाले, तेव्हा लोकांच्या स्मरणावरून ते पुन्हा लिहून काढण्यात आले. पुढे नोंदींच्या दोन प्रती ठेवून त्यांपैकी एक न्यायालयात देण्याचा नियम झाला. या सामग्रीवरूनच तांगे नामक धर्मगुरूने १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशकोश प्रसिद्ध केला.

आडनावांची रीत मात्र शोधकास चकविणारी आहे. मूळ आडनावापुढे 'दी', म्हणजे 'ऊर्फ', लावून दुसरे नाव जोडीत. सैनिकांना 'लाफ्लर' म्हणजे फूल, 'सांसूसी' म्हणजे निश्चिंत, अशी नावे पडत. आंजू प्रांताहून आलेला तो 'लांजव्हँ'. पुढे एक भाऊ मूळ नाव चालवी, तर दुसरा ऊर्फ नाव. अमेरिकेतील गिरण्यांत कामास गेलेल्यांपैकी कित्येक 'ब्वाव्हेर' भाषांतराने 'ग्रीनवुड' झाले. आपल्याकडेही एका घराण्याची एक शाखा गावावरून आडनाव लावते व दुसरी कुलकर्णी म्हणवते, हे आपण जाणताच.

परंतु एका बाबतीत ते लोक आपल्यापुढे आहेत. त्यांच्या जुन्या नोंदींत विवाहित स्त्रीही माहेरच्या आडनावानेच आढळते. १९८१ पासून तर क्वेबेकच्या कायद्यानेच विवाहानंतर स्त्रीचे जन्मनाव कायम राहते. त्यामुळे तेथे मातृकुळाचाही माग निघतो. आपल्या वंशावळींत मात्र बहुधा पुत्रांचीच नावे असतात. कन्येचा उल्लेख नसतो, आणि सुनेचे सासरी ठेवलेले नाव तेवढे उरते. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतूनही ही उणीव सर्वस्वी भरून निघत नाही.

म्हणून आमची विनंती अशी की, प्रत्येक कुटुंबाने आपल्या वंशावळीत कन्यांची नावे घालावीत, व प्रत्येक सुनेचे लग्नापूर्वीचे नाव, माहेरचे आडनाव आणि गाव लिहावे. घरातील वयोवृद्ध आजींना प्रथम विचारावे. आपल्या सासूचे माहेर कोणते, हे आज कित्येक घरांत केवळ त्यांनाच ठाऊक आहे. लिहिलेल्या माहितीची एक प्रत घरी ठेवून दुसरी मंडळाच्या दप्तरात द्यावी. हे काम याच वर्षी हाती घ्यावे, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.