साडीने मोजलेलं घर

शहराचा आराखडा बदलायचा असला की वर्तमानपत्रात, आतल्या पानावर, बारीक टायपात एक जाहिरात येते: हरकती व सूचना अमुक दिवसांत लेखी कळवाव्यात. बहुतेक वस्त्यांच्या वाट्याला आलेला लोकसहभाग तो एवढाच. त्या आराखड्यात जिची मोरी रस्त्याखाली जाणार असते, तिच्या घरी ते पान पोचतं ते भेळ बांधून.

मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी हा क्रम उलटा केला. फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला मोकळीक देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जुलै १९८५मधला. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेबरोबर फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी झाली. पुढे ‘महिला मिलन’ ही त्यांची संघटना उभी राहिली आणि घर कसं हवं, यावर या बायका बोलू लागल्या. फूट-इंचाची सवय नव्हती, पण अंगावर साडी होती! साडी धरून त्या लांबी-उंची सांगायच्या. त्यातून निघाली चौदा फूट उंचीची खोली, वर माळा असलेली. जागा तेवढीच, पण खाली चूल आणि पाहुणे, वर पोरांची झोप. मग लाकूड-कापडाची, खऱ्या मापाची घरं उभी करून लोकांना आत फिरवलं. नकाशा न वाचता येणारा माणूससुद्धा आत शिरला की सांगतो, अहो, इथे डोकं आपटतंय.

हीच रीत पुढे पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांत आली, तेव्हा काम जास्त अवघड होतं. केंद्राच्या योजनेतून घरामागे साधारण तीन लाखांचा खर्च धरला होता. त्यातला दहावा हिस्सा कुटुंबाचा. घर २७० चौरस फुटांचं. वस्ती सपाट करून टॉवर बांधायचा नव्हता. पक्की घरं तशीच ठेवायची, मधली कच्ची तेवढी पाडून त्याच जागी बांधायची. गल्ल्या जिथल्या तिथे, शेजारही तोच. कागदावर हे फार देखणं दिसतं. पण एखाद्याची जागा २७० फुटांना पुरत नसे. मग शेजाऱ्याशी जमवून एकावर एक घरं चढवायची, आणि तळमजला कुणी घ्यायचा यावर घासाघीस. वास्तुविशारदाने कितीही सुंदर मॉडेल आणलं, तरी ही बोलणी त्याच्या हातची नव्हेत. ती महिला मिलनच्या बायका घरोघरी बसून करत. वेळ लागायचा. सरकारी कामाच्या मुदतीत असा वेळ कुणी धरत नाही, हे मला या सगळ्यातलं खरं दुखणं वाटतं.

आणि घर पाडल्यावर, नवं उभं राहीपर्यंत राहायचं कुठे? अनेकांनी आसपासच खोली भाड्याने घेतली. मुलांची शाळा तिथली, कामाची घरं तिथली. लांब जाऊन भागणार नव्हतं.