शय्याव्रण : मलमातील औषध आणि त्याचे आधारद्रव्य
(देऊळगाव राजा येथे रुग्णांच्या नातेवाइकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर वा टाचेवर जखम झाली, की घरची मंडळी आम्हांस प्रथम विचारतात, 'मलम कोणते लावावे?' नळीवर औषधाचे नाव ठळक असते. पण आत बहुतांश भाग असतो तो औषध ज्यात कालवले त्या आधारद्रव्याचा. जखम ओलसर राहणार की सुकणार, हे बरेचसे तेच ठरवते.

व्हॅसलीनसारखे पेट्रोलियमजन्य आधारद्रव्य पाण्यात मिसळत नाही. ते ओल आत राखते. कोरडी, उथळ जखम त्याखाली सुखावते, पाझरणाऱ्या जखमेत मात्र स्राव अडकून भोवतालची त्वचा पांढरी व लिबलिबीत होते. मॅक्रोगोलचे उलट. ते पाणी ओढून घेते आणि नुसत्या पाण्याने धुऊन निघते. पोव्हिडोन आयोडीनचे मलम बहुधा त्यातच बनवतात. कोरड्या जखमेवर तेच लावत राहिल्यास नवी नाजूक त्वचाही सुकते. आयुर्वेदातील शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेले तूप, हेही एक आधारद्रव्यच.

जखम सुकवली म्हणजे भरते, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांत दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेली उथळ जखम उघड्या जखमेहून सुमारे दुप्पट वेगाने त्वचा धरते. १९९१ मध्ये सोलापूरच्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांत मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना प्रसिद्ध केली. तीत मध सरस ठरला. पण ती भाजल्याची जखम होती, शय्याव्रण नव्हे. घरच्या बाटलीतला मध कृपया जखमेत ओतू नये. शय्याव्रणावर अमुकच मलम श्रेष्ठ, असा ठाम पुरावा अद्याप नाही.

हाड आणि अंथरूण यांमध्ये चेपलेल्या मांसाला रक्त पोहोचत नाही, तोवर कोणतेही मलम व्यर्थच. म्हणून महागड्या मलमांसाठी देऊ केलेली रक्कम हवेच्या गाद्यांसाठी द्यावी, अशी विनंती आम्ही देणगीदारांना करीत आलो आहोत. काहींना ती रुचली नाही, हे आम्ही जाणतो. गादी असली तरी रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलावीच लागते. साधारण दोन तासांचा प्रघात आहे. लाल झालेली जागा चोळू नये. जखम काळी पडली, दुर्गंधी सुटली, हाड दिसू लागले किंवा ताप आला, तर घरी मलमे बदलत न बसता रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात आणावे.