बाप्तिस्मा आणि आमचा होकार



या महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची नोंदवही उघडली, तर आम्हां बहुतेकांचीं नांवें तींत सांपडतील. परंतु त्या दिवशीं आम्ही कांहीं बोललों नव्हतों. विश्वास कबूल केला तो आईबापांनीं व धर्ममातापित्यांनीं. आम्ही केवळ रडलों. म्हणून तो बाप्तिस्मा अपुरा ठरत नाहीं. देवाची कृपा आमच्या समजुतीची वाट पाहत बसत नाहीं. तथापि आमच्यातर्फे दिलेला होकार जाणतेपणीं आम्हींच उच्चारावयाचा असतो. तो आम्हीं उच्चारला आहे काय?

चौथ्या शतकांत रोम शहरीं व्हिक्टोरिनस नांवाचा थोर वक्तृत्वशिक्षक होता. त्याच्या सन्मानार्थ भर चौकांत पुतळा उभारलेला होता. उतारवयांत पवित्र शास्त्र वाचून तो सिम्प्लिसियानस या धर्मगुरूंस खाजगीत म्हणे, आपण ख्रिस्ती झालोंच आहों. ते म्हणत, तुम्हांला ख्रिस्तमंदिरांत पाहीन तेव्हां खरें मानीन. तो हंसून विचारी, भिंतींनीं का कोणी ख्रिस्ती होतो? खरें कारण निराळें होतें. जुन्या देवतांचे उपासक असलेल्या बड्या मित्रांच्या रोषाचें त्याला भय वाटे. पुढें मात्र मनुष्यांपुढें ख्रिस्ताला नाकारण्याचें भय त्याहून मोठें झालें, आणि त्यानें स्नानसंस्कारासाठीं नांव नोंदविलें.

रोमची रीत अशी कीं, उमेदवारानें उंच जागीं उभें राहून विश्वासांगीकार म्हणावयाचा. लाजणाऱ्यांस एकांताची सवलत असे. ती त्याला देऊं केली असतां त्यानें नाकारली व सर्वांदेखत स्पष्ट स्वरांत विश्वास कबूल केला. पुढें 362 सालीं सम्राट जुलियन यानें ख्रिस्ती शिक्षकांना मनाई केली, तेव्हां त्यानें आपली पाठशाळा सोडली. ही हकीगत 386 सालीं सिम्प्लिसियानस यांच्याच तोंडून संत ऑगस्टीन यांनीं मिलान येथें ऐकली. 387 च्या ईस्टरला संत अँब्रोझ यांच्या हस्तें त्यांचा बाप्तिस्मा झाला.

प्रौढांच्या तयारीचा तो प्राचीन क्रम ख्रिस्तसभेनें 1972 सालीं विधिपूर्वक पुनः सुरू केला. आजही प्रौढ उमेदवार स्वतःच्या मुखानें उत्तर देतो. आम्ही मात्र ईस्टरच्या रात्रीं हातीं मेणबत्ती धरून तीच वचनें देतों, आणि लक्ष असतें बोटांवर ओघळणाऱ्या मेणाकडे!

व्हिक्टोरिनसला भिंतींच्या आंत येण्याचें भय होतें. आम्हांला बाहेर पडल्यावर भय वाटतें. मंदिरांत आम्ही सैतानाच्या कृत्यांचा त्याग करतों, आणि दुकानाच्या तराजूपुढें, भाऊबंदकीच्या बांधावर, वरिष्ठांच्या मेजासमोर गप्प राहतों. आमचा विश्वासांगीकार ऐकण्यास तेथेंच लोक उभे आहेत.

म्हणून बंधुभगिनींनो, आपल्या बाप्तिस्म्याची तारीख घरीं विचारून घेऊं या. त्या दिवशीं मुलाबाळांदेखत तीं वचनें पुनः म्हणूं या, आणि ज्या एका ठिकाणीं आजवर गप्प राहिलों, तेथें तीं पाळूं या. नोंदवहींतील नांव दुसऱ्यांनीं लिहिलें. त्यापुढील होकार आमचा असूं द्या. प्रभु आम्हांस तें धैर्य देवो. आमेन.