कर्जाने कर्ज फिटते काय?

(कळमेश्वर येथे शेतकरी व कामगार यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कळमेश्वरच्या एका अंगाला कापसाची आणि संत्र्याची शिवारे आहेत, तर दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे या सभेत शेतकरीही बसले आहेत आणि पाळीवरून सुटून आलेले कामगारही. या दोघांना जोडणारा एक धागा आहे, परंतु त्याचा उच्चार कोणी चारचौघांत करीत नाही. तो धागा म्हणजे एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढणे.

शेतकऱ्यांत या प्रकाराला ‘नवे-जुने करणे’ असे साधे, निरुपद्रवी नाव आहे. मार्च महिना आला की सोसायटीचा गटसचिव निरोप धाडतो. जुने पीककर्ज भरले तरच नवे मिळणार असते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्र सरकारच्या सवलतीमुळे व्याज चार टक्क्यांवर येते, आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे महाराष्ट्रात ते शून्यावर येते. मुदत चुकली की सवलतही गेली आणि नवे कर्जही गेले. म्हणून ज्याच्या गाठीला पैसा नाही तो सावकाराकडे जातो, दरमहा शेकडा पाच रुपये दराने रक्कम उचलतो, सोसायटीत भरतो, नवे कर्ज पदरात पडले की सावकाराला परत करतो. कागदावर सर्व काही यथास्थित असते.

आता थोडा हिशेब करू. एक लाख रुपये पंधरा दिवसांसाठी घेतले तर अडीच हजार रुपये व्याज झाले. म्हणजे ‘बिनव्याजी’ म्हणून गौरविलेल्या कर्जाला पहिल्या पंधरवड्यातच अडीच टक्के व्याज लागले. नव्या कर्जाच्या मंजुरीला दोन महिने लागले तर हेच व्याज दहा हजारांवर जाते. आणि मुख्य गोष्ट यापुढेच आहे. हाती आलेले लाख रुपये सावकाराच्या घरी गेल्यावर पेरणीसाठी उरले काय? काहीच नाही. बियाणे व खत कृषी केंद्रातून उधारीवर आणावे लागते. पीककर्ज पिकापर्यंत पोचतच नाही. ते एका वहीतून दुसऱ्या वहीत जाते, आणि बँकेच्या अहवालात वसुली व कर्जवाटप हे दोन्ही आकडे मात्र झळकतात.

हा रोग नवा नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुळाच्या संरक्षणाचा होता. व्यवहारात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून जमा होऊ लागले. थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करू नये, हा दामदुपटीचा जुना नियमही या युक्तीपुढे लुळा पडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी जे कर्जरोखे हस्तगत करून जाळले, त्यांच्यातला संताप या नव्या-जुन्याचाही होता. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, आणि रोख्यामागील मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. रोखा बदलला म्हणून कर्ज बदलत नाही, हे तत्त्व तेव्हा परक्या सरकारलाही मान्य करावे लागले.

सहकाराचा जन्मही सावकाराला पर्याय म्हणूनच झाला. १९५४ च्या ग्रामीण पतपाहणी अहवालात असे आढळले की ग्रामीण कर्जात सहकाराचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. सहकार अयशस्वी झाला आहे, पण तो यशस्वी झालाच पाहिजे, असा त्या अहवालाचा आशय होता. त्यानंतर १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८२ साली नाबार्ड आली, १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड आले. परंतु आपल्या जिल्ह्याने आणखी एक गोष्ट पाहिली. २००२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे शंभर कोटींहून अधिक रुपये सरकारी रोख्यांच्या व्यवहारात दलालांच्या हाती गेले. खालच्या न्यायालयाचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. संस्थेची कंबर मोडली की तिचा सभासद कोणाच्या ओसरीवर जातो, हे येथे कोणाला सांगण्याची आवश्यकता नाही.

आता कामगार बंधूंकडे वळतो. पगारदार माणसाच्या खिशातही आता कार्ड आले आहे. त्याचे मासिक व्याज बहुधा तीन ते पावणेचार टक्क्यांच्या घरात असते. समजा, पन्नास हजारांची बाकी आहे, व्याज साडेतीन टक्के आहे, आणि तुम्ही पाच टक्के, म्हणजे अडीच हजार रुपये ‘किमान रक्कम’ म्हणून भरली. त्यातील १,७५० रुपये व्याजात गेले, त्या व्याजावरील १८ टक्के कराचे ३१५ रुपये गेले. मुद्दलातून कमी झाले ४३५ रुपये! मग दुसऱ्या कार्डावर रोख रक्कम उचलून पहिले भरावे, असे सुचते. परंतु रोख उचलीवर वेगळे शुल्क असते आणि व्याज पहिल्याच दिवसापासून चालू होते. घरातील भगिनी गटकर्जाच्या एका कंपनीचा हप्ता दुसऱ्या कंपनीच्या पैशातून भरते, तोही याच साखळीतला दुवा आहे. सर्व हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा निर्देश अशा गटकर्जांसाठी आहे. पण उत्पन्नाचा आकडा कोण लिहितो आणि कसा लिहितो, हे त्या भगिनीलाच विचारावे.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधतो. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. कार्ड देणाऱ्या बँकेला मात्र चाळीस टक्के घेता येतात. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तीस टक्क्यांवरील व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. ओसरीवर बसलेल्याला जे निषिद्ध, ते वातानुकूलित कार्यालयात बसलेल्याला विहित कसे, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

कोणी म्हणेल, मग कर्जाने कर्ज फेडूच नये काय? तसे माझे म्हणणे नाही. नव्या कर्जाचे व्याज, सर्व शुल्क धरून, जुन्यापेक्षा कमी असेल; जुने खाते त्याच दिवशी कायमचे बंद होत असेल; आणि हप्ता आपल्या नियमित मिळकतीतून निघत असेल, तर कर्जाची अशी बदली शहाणपणाची ठरते. या तीन अटींपैकी एक जरी सुटली, तर ती परतफेड नव्हे, केवळ मुदतवाढ होय. आणि त्या मुदतवाढीचे भाडे आपण भरीत असतो.

या मुदतवाढीची आणखी एक किंमत आहे. सावकाराकडून आणून सोसायटीत भरणारा शेतकरी सरकारदरबारी ‘नियमित’ ठरतो. २००८ ची कर्जमाफी थकीत कर्जाला होती. सावकारी कर्ज तिच्या कक्षेत नव्हते. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतची थकबाकी माफ झाली, तर नियमित फेड करणाऱ्याला पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम देऊ केली गेली. म्हणजे ज्याने पत राखण्यासाठी बायकोचे डोरले गहाण टाकले, त्याचे खरे कर्ज कोणत्याच यादीत आले नाही. त्याचा दोष थकबाकीदाराच्या माथी मारू नका. तो आणि हा एकाच अडचणीत आहेत. एकाची अडचण नोंदली गेली, दुसऱ्याची नोंदली गेली नाही, इतकाच भेद.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. जुन्याचा भरणा आणि नव्याची मंजुरी एकाच दिवशी, एकाच टेबलावर व्हावी. मध्ये सावकाराला जागा राहू नये. किसान कार्ड हे फिरते खाते आहे, तर व्याज भरून ते पुढे चालू ठेवण्याची सोय स्पष्टपणे मिळावी. कार्डावरील व्याजाला कायद्याने कमाल मर्यादा असावी. आणि सावकारीत बळकावलेली जमीन परत देण्याचा जो अधिकार २०१४ च्या कायद्याने जिल्हा निबंधकाला दिला आहे, त्याचा वापर व्हावा म्हणून गावोगावचे अर्ज आपण एकत्र दाखल करावेत.

आणि एक काम आजच करण्यासारखे आहे. घरी गेल्यावर एका कागदावर आपली सर्व कर्जे लिहा. बँकेचे, सोसायटीचे, गटाचे, कार्डाचे, सावकाराचे, कृषी केंद्राचे, सर्व. तो कागद नवऱ्याने बायकोपासून आणि बायकोने नवऱ्यापासून लपवू नये. कर्ज ही शरमेची गोष्ट आहे असे आपण मानतो, म्हणून ती एकट्याने सोसतो. आणि एकट्या माणसालाच सावकार हवे ते बोलू शकतो. ज्या दिवशी दहा घरांचे असे दहा कागद एका सतरंजीवर शेजारी शेजारी मांडले जातील, त्या दिवशी हा प्रश्न दहा माणसांच्या नशिबाचा न राहता सार्वजनिक होईल, आणि सार्वजनिक प्रश्नालाच सार्वजनिक उत्तर मागता येते.